काडतुसाची पुंगळी फाटते कुठे, आणि का?

मागच्या दिवाळीत भाच्यानं टेक्सासहून एक फोटो पाठवला. टेबलावर काडतुसाच्या तीन रिकाम्या पुंगळ्या ओळीनं उभ्या केलेल्या. पहिलीच्या मानेवर केसाएवढी उभी चीर. दुसरीच्या बुडाच्या थोडं वर, अंगाभोवती एक आडवी चकचकीत रेघ. तिसरी वरून धडधाकट दिसत होती, पण तिच्या बुडात बसवलेला नवा प्रायमर घट्ट बसतच नव्हता. सोबत एकच ओळ: "मामा, तुझा जन्म धातूंमध्ये गेला. या तिघी कशानं गेल्या ते सांग."

माझी सगळी नोकरी पुण्यातल्या एका कारखान्याच्या धातुपरीक्षण विभागात झाली. बंदुकीशी संबंध म्हणाल तर कॉलेजात असताना एनसीसीत थ्री-नॉट-थ्री खांद्यावर वागवली, तेवढाच. पण पितळ मात्र मी असंख्य वेळा कापलं, घासून आरशासारखं केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यामुळे फोटो बघताक्षणी कळलं की तिघींना तीन वेगळे आजार झालेत. भाचा म्हणत होता, "जुन्या झाल्या असतील." पितळ नुसतं जुनं होऊन मरत नाही. आमच्या देवघरातली समई माझ्या पणजीच्या लग्नातली आहे आणि अजून ठणठणीत आहे. पुंगळी मरते ती तिला दर वेळी किती ताणलं आणि किती आवळलं यावर. आणि यातला बराचसा भाग बंदुकीत ठरत नाही, पुंगळी पुन्हा भरणाऱ्याच्या टेबलावर ठरतो. हेच मला या लेखात नीट सांगायचं आहे.

काडतुसात चार गोष्टी असतात. पुढची गोळी, आतली दारू, बुडातला प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, आणि या सगळ्यांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर वाया जातो. पुंगळी तेवढी हातात राहते, आणि सहसा चौघांत महाग तीच असते. म्हणून अमेरिकेत निशाणेबाजी आणि शिकार करणारे लाखो लोक ती पुन्हा भरतात. घरच्या गॅरेजमध्ये एक हातप्रेस असतो. जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर नवी गोळी. तिकडे याला रीलोडिंग म्हणतात आणि तो कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा हा लेख वाचून कुणी प्रेस मागवायला जाऊ नये. दारू किती घालायची हेही इथे येणार नाही. त्याची प्रमाणित कोष्टकं असतात आणि ती तंतोतंत पाळायची असतात. मला बोलायचं आहे ते पितळेबद्दल.

कुकरच्या चार हजार पट

बार उडतो तेव्हा पुंगळीच्या आत काय होतं ते आधी बघू. भाचा वापरतो ती .३०८ विंचेस्टर. तिची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, म्हणजे साधारण आपल्या करंगळीएवढी. तिच्यासाठी ठरवून दिलेली कमाल दाबाची मर्यादा आहे ६२,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर इतके पाउंड. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला जादा दाब १५ पीएसआयच्या आसपास असतो. म्हणजे कुकरच्या चार हजार पट दाब, आणि तो सोसायचा मानेपाशी जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या पितळेनं.

एवढ्या दाबाला पातळ पितळ एकटं कसं पुरं पडणार? ते पडतही नाही. बाहेर बंदुकीच्या चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीची, पोलादी भिंत असते. दाब चढताच पितळ फुगतं आणि त्या भिंतीला घट्ट चिकटतं. त्यामुळे वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आकसतं आणि भिंतीपासून सुटतं, म्हणून पुंगळी ओढून काढता येते. फुगणं, चिकटणं, आकसणं हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात उरकतो. पितळच का वापरतात याचं उत्तर यातच आहे. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या प्रमाणातलं पितळ न फाटता भरपूर ताणलं जातं, आणि ठोकून हवं तितकं कडकही करता येतं. या प्रमाणाच्या पितळेला जगभर 'काडतुसी पितळ' हेच नाव पडलं आहे.

पुंगळी सगळीकडे सारखी कडक नसते, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बूड जाड आणि कडक असतं. कारण बुडाचा मागचा थोडा भाग चेंबरच्या बाहेर राहतो, तिथे आधाराला पोलाद नाही. वायू अडवायचा तो पितळेच्या स्वतःच्या ताकदीवर. मान आणि खांदा, म्हणजे अंग निमुळतं होत मानेला मिळतं तो उतार, मात्र मऊ ठेवलेले असतात, कारण त्यांचं काम फुगून भिंतीला चिकटण्याचं. कारखान्यात ही पुंगळी एका वाटीपासून बनते. पितळेची जाड वाटी टप्प्याटप्प्यानं ओढत लांब नळी करतात, मधे मधे तापवून मऊ करतात, आणि शेवटी फक्त मानेला आणि खांद्याला आच देतात. लष्करी पुंगळीच्या मानेवर तपकिरी-निळसर झाक दिसते ती या शेवटच्या आचेची. बरेच व्यापारी कारखाने ती घासून काढतात, काही तशीच ठेवतात. भाच्याला ती डाग वाटायची. तो डाग नाही, मान मऊ केल्याची खूण आहे.

पहिली पुंगळी: मान

पहिल्या पुंगळीची मान उभी चिरली होती. याचं कारण समजायला एक तांब्याची तार घ्या, साधारण दाभणाएवढी जाड, आणि एकाच जागी मागे-पुढे वाकवा. पहिल्यांदा अलगद वाकेल. चौथ्या-पाचव्यांदा जोर लावावा लागेल. मग कट्कन तुटेल. धातूच्या आत अणू रांगांनी बसलेले असतात. वाकवलं की या रांगा एकमेकींवरून सरकतात, आणि सरकताना त्यांत गुंते तयार होतात. गुंते वाढत गेले की रांगांना सरकायला वाट उरत नाही. वाट उरली नाही की धातू कडक होतो, आणि त्यावरही ताण दिला तर चिरतो.

मानेचं तेच होतं. बार उडाला की मान फुगते. डायमध्ये घातली की आवळली जाते. मग डायमधला गोलवा तिच्यातून ओढून बाहेर काढतात, म्हणजे ती परत उघडते. वर गोळी बसवली की आणखी जरा उघडते. एका फेरीत चार हालचाली. दहा फेऱ्यांत चाळीस. तार पाच वेळा वाकवून बघितलीत ना?

पुण्याच्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर उत्तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तांबट पत्रा ठोकतो, ठोकतो, आणि तो 'बोलायला' लागला, म्हणजे आवाज टणक यायला लागला, की भट्टीत घालतो. लाल झाला की बाहेर काढून परत ठोकायला घेतो. न तापवता ठोकत राहिलं तर पत्रा फाटेल हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आणि शेवटचं मठारकाम तो मुद्दाम थंड पत्र्यावर करतो. त्या हातोडीच्या घावांनी हंड्याला ती चमचमती नक्षी येते, आणि भांडं कडक होतं. मऊ कुठे ठेवायचं आणि कडक कुठे करायचं, हे काडतुसाचा कारखाना आणि तांबट दोघेही एकाच रीतीनं साधतात.

तापवल्यावर आत काय होतं? गुंत्यांनी भरलेल्या जुन्या स्फटिककणांच्या जागी नवे, स्वच्छ कण उगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे फार सुंदर दिसतं: आधी लांबट, ओढले गेलेले, पिचलेले कण, आणि नंतर छान पैलूदार, सरळ कडांचे. मी नोकरीत असताना नव्या मुलांना सगळ्यात आधी हीच दोन चित्रं दाखवायचो. यासाठी किती तापमान लागतं हे एका आकड्यात सांगता येत नाही, कारण वेळही त्यात धरावा लागतो. भट्टीत तासभर ठेवायचं तर ४०० अंश सेल्सिअसच्या थोड्या पुढे काम होतं. टॉर्चच्या ज्योतीत पाच-सात सेकंदच मिळत असतील तर त्याहून बरंच वर, ५०० ते ६०० अंशांच्या घरात जावं लागतं. म्हणून मंद उजेडाच्या खोलीत मान जेमतेम लालसर भासली की लगेच ज्योतीबाहेर, ही जुन्या लोकांची खूण बरीच बरोबर आहे. भर उन्हात तीच लाली दिसत नाही आणि माणूस तापवतच राहतो. फार तापवलं तर कण बेसुमार वाढतात, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, आणि मान इतकी लिबलिबीत होते की गोळी नीट धरत नाही.

पण खरा धोका मानेचा नाही, बुडाचा आहे. पितळेतून उष्णता झपाट्यानं सरकते. मानेला आच देताना ती बुडापर्यंत पोचली आणि बूड मऊ पडलं, तर ती पुंगळी कायमची बाद. त्यावर उपाय नाही, आणि ती ओळखताही येत नाही, कारण बाहेरून तशीच दिसते. म्हणून आच फक्त मानेवर आणि खांद्यावर, तीही मोजून, पुंगळी सतत फिरवत. काही जण खांद्याच्या खाली ठरावीक तापमानाला वितळणारा रंग लावतात. २३० अंशांचा तो रंग वितळला तर समजायचं की उष्णता नको तितकी खाली गेली. हल्ली विद्युत प्रवर्तनानं तापवणारी यंत्रंही मिळतात. ती वेळ अचूक पाळतात.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. भाच्याच्या नेमबाजीच्या रेंजवरचे एक आजोबा तापलेली पुंगळी पाण्यात टाकायचे आणि म्हणायचे, पाण्यात टाकली नाही तर मऊ होत नाही. दुसरे म्हणायचे, पाण्यात टाकली की कडक होते. दोघांच्याही डोक्यात पोलाद होतं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, आपल्या लोहाराचं पाणी देणं ते हेच. पितळेला पाणी दिलं काय, न दिलं काय, कडकपणात फरक पडत नाही. पाण्याचा उपयोग एकच, उष्णता बुडाकडे सरकायच्या आत थांबवायची.

तापवण्याइतकंच महत्त्वाचं आहे मान कमी हलवणं. साध्या डायमध्ये मान गरजेपेक्षा पुष्कळ आवळली जाते आणि मग गोलव्यानं उघडली जाते. तो गोलवा कोरडाच ओढला तर मान वर खेचली जाते आणि पुंगळीची लांबीही वाढते. मानेच्या आतून चिमूटभर ग्रॅफाइट फिरवलं तरी फरक पडतो. ज्या डायमध्ये मानेसाठी हव्या त्या मापाची बदलती कडी बसवता येते, ती घेतली तर मान फक्त हवी तेवढीच आवळते. भाच्यानं दोन्ही केलं, आणि दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला आच द्यायला लागला. मानेच्या चिरा जवळजवळ थांबल्या.

दुसरी पुंगळी: ती चकचकीत रेघ

तिघींत मला काळजी वाटली ती दुसरीची. मान फाटली तर फार तर थोडी काजळी बाहेर येते आणि नेम बिघडतो. बुडाच्या वर पुंगळी आडवी तुटली तर पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकून राहतो आणि मागच्या भागातून तापलेला वायू माणसाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. रेंजवर चष्मा सक्तीचा असतो तो अशासाठीही.

हे तुटणं कसं घडतं ते सावकाश बघा. पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर टेकते. तिच्या बुडामागे बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा पोलादी दांडा, असतो. चेंबरचा खांदा आणि बोल्ट यांच्यामध्ये जी जागा आहे, ती पुंगळीपेक्षा थोडी जास्त असते, नाहीतर बोल्ट बंदच होणार नाही. आता घोडा पडतो. पिनच्या ठोक्यानं पुंगळी पुढे सरकते आणि खांद्यावर टेकते. मोकळी जागा सगळी मागे जाते. दाब चढतो. पुंगळीचा पुढचा पातळ भाग आधी फुगतो आणि भिंतीला चिकटून घट्ट होतो. बूड जाड आहे, ते चिकटत नाही. आतला दाब बुडाला मागे रेटतो, बोल्टला टेकेपर्यंत. म्हणजे पुढचा भाग जागचा हलत नाही आणि मागचा भाग मागे जातो. मधला जो पट्टा आहे, जाड बूड संपून पातळ अंग सुरू होतं तिथला, त्यालाच ताणावं लागतं. मोकळी जागा जितकी, तितकं ताणणं, आणि तेही सगळं त्या एवढ्याशा पट्ट्यात. दर बाराला तो थोडा पातळ होतो. आतल्या बाजूनं तिथे एक खोलगट कडं पडत जातं. बाहेर चकचकीत रेघ दिसायला लागते तोवर आत बरंच नुकसान झालेलं असतं.

ही मोकळी जागा येते कुठून? बहुतेक वेळा डायमधून. डायसोबत येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय खाली टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतरही थोडी आणखी खाली फिरवा. हे लिहिण्यात त्यांची चूक नाही. त्यांना पुंगळी कुठल्याही बंदुकीत बसायला हवी असते. पण तसं केलं की खांदा गरजेपेक्षा पुष्कळ मागे ढकलला जातो. पुढच्या बाराला तो परत पुढे फुगतो, बूड मागे जातं, पट्टा ताणतो. परत डाय, परत बार. भाच्याच्या पुंगळीचा खांदा मी त्याला मोजायला लावला. कॅलिपरला लावायचं एक छोटं साधन मिळतं, त्यानं बुडापासून खांद्यावरच्या ठरलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजता येतं. त्याचा खांदा दर वेळी जवळपास ०.२ मिलिमीटर मागे जात होता. बोल्ट हातानं ओढायच्या बंदुकीला ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर पुरतात. आपोआप भरणाऱ्या बंदुकीला जरा जास्त, ०.१ पर्यंत. म्हणजे तो दर फेरीला गरजेच्या चौपट ताण देत होता.

"एवढंच?" तो फोनवर म्हणाला.

"एवढंच," मी म्हटलं. "कॅलिपर समोर ठेव आणि डाय केसभर वर घे. पहिल्यांदा मोज, मग दाब, मग परत मोज."

आणि आता जो मुद्दा लोक हमखास चुकतात तो. मानेचा आजार कडकपणाचा आहे, तो आचेनं उतरतो. या पट्ट्याचा आजार जाडी कमी होण्याचा आहे. गेलेली जाडी कुठल्याही आचेनं परत येत नाही. उलट इथे आच पोचू देणं हेच धोक्याचं. 'दर वेळी तापवतो, म्हणून माझ्या पुंगळ्या कायम टिकतात' असं म्हणणारा माणूस मानेपुरतं बरोबर बोलतो आणि बुडापुरतं स्वतःला फसवतो.

हे कडं ओळखायची जुनी युक्ती साधी आहे. कागदाला लावायची टाचणीक्लिप सरळ करा, टोकाला एक मिलिमीटरभर काटकोनात वाकवा, टोक घासून टोकदार करा. पुंगळीत घालून भिंतीला टेकवत बुडापासून वर ओढा. चांगल्या पुंगळीत टोक सरळ चढतं. कडं पडलं असेल तर बुडाच्या वर थोड्या अंतरावर टोक खट्टकन अडकतं, नखाला कपबशीची चीर लागावी तसं. भाच्यानं दुसऱ्या पुंगळीत ती घातली आणि अडकली. मग मी त्याला ती उभी कापायला सांगितली. कापलेल्या काठावर भिंत बुडाकडून वर येताना हळूहळू निमुळती व्हायला हवी होती. ती मधेच कंबर आवळल्यासारखी आत गेली होती. उरलेली जाडी कागदाएवढी. त्या पेटीतल्या सगळ्या पुंगळ्या त्यानं त्याच दिवशी बाद केल्या.

आपल्या ओळखीची थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, या बाबतीत फार बोलकं उदाहरण आहे. ती इंग्लंडात जन्मली, पण बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही पुष्कळ तयार झाली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं होती. तिच्या पुंगळीच्या बुडाला कड असते आणि चेंबरमध्ये ती कडेवर टेकते, खांद्यावर नाही. खंदकातल्या चिखलानं माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून चेंबर पुढे ऐसपैस ठेवलेलं. शिवाय बोल्टला जागी अडकवून ठेवणारे अडणे मागच्या बाजूला, त्यामुळे दाबाखाली सगळं जरा लवतं. सैन्याला त्याचं काही नव्हतं, पुंगळी एकदाच वापरायची. पण आज परदेशात ही जुनी बंदूक हौसेनं वापरणाऱ्यांच्या पुंगळ्या दोन-चार बारांत बुडापाशी तुटतात. त्यांचा उपाय ऐकण्यासारखा आहे: पुंगळीची फक्त मान आवळायची, खांदा पहिल्या बारात जिथे फुगून बसला तिथेच राहू द्यायचा. मग दुसऱ्या बारापासून पुंगळी कडेऐवजी खांद्यावर टेकते, आणि मोकळी जागाच उरत नाही. अट एकच, ती पुंगळी कायम त्याच बंदुकीत वापरायची.

तिसऱ्या पुंगळीबद्दल थोडक्यात. प्रायमरचा खळगा सैल होतो तो बूड रुंदावल्यामुळे, आणि बूड रुंदावतं ते दाब जास्त झाल्यामुळे. वेग वाढावा म्हणून कमाल मर्यादेच्या अगदी काठावर जाणाऱ्यांच्या पुंगळ्या बहुधा अशाच जातात. इलाज कुठलाही नाही. दारूचं माप थोडं खाली आणलं की पुढच्या पुंगळ्या वाचतात, आणि बहुतेकदा नेमही सुधारतो.

पावसाळ्यात फुटणारी काडतुसं

पितळेचा एक चौथा आजार आहे आणि तो हिंदुस्थानात सापडला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या छावण्यांत दिसायला लागलं की पावसाळ्यात ठेवणीतली काडतुसं आपोआप चिरतात. कुणी हात लावलेला नाही, बार उडालेला नाही, आणि पुंगळीला चीर. ऋतूबरोबर येतो म्हणून इंग्रजांनी याला 'ऋतूची चीर' अशा अर्थाचं नाव दिलं. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं की दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पुंगळी ओढून बनवताना पितळेत ताण कोंडून राहिला होता. आणि काडतुसं ठेवली होती घोड्यांच्या पागेजवळ. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया पावसाळी दमट हवेतून पितळेवर बसायचा, आणि ताण कोंडलेल्या जागी कणांच्या सीमांवरून चीर धावत जायची. ताण एकटा असता तर काही बिघडलं नसतं, अमोनिया एकटा असता तरी नाही. उपाय सोपा निघाला: तयार पुंगळी साधारण अडीचशे अंशांवर काही वेळ ठेवायची. तेवढ्यानं ती मऊ होत नाही, पण कोंडलेला ताण सुटतो.

हे फक्त इतिहासापुरतं नाही. पितळ चकचकीत करायच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो. समईला ती लावली तर फारसं बिघडत नाही. पुंगळीला लावली, आणि तिच्या मानेत गोळी घट्ट बसवून महिनोन्महिने ठेवली, तर ताणही आहे आणि अमोनियाही. भाच्याच्या गॅरेजात अशी एक बाटली होती, ती मी फेकायला लावली. आंबट पाण्याचंही थोडं जपायला हवं. आपण चिंचेनं किंवा लिंबानं पितळेचं भांडं घासतो आणि ते फार वेळ तसंच राहिलं की गुलाबीसर दिसायला लागतं, हे घरोघरी पाहिलेलं असेल. ती गुलाबी छटा म्हणजे पृष्ठभागावरचं जस्त गेलं आणि तांबं उरलं. सायट्रिक आम्लाच्या सौम्य पाण्यात पुंगळ्या पाच-दहा मिनिटं ठेवून लगेच धुतल्या तर चालतं. रात्रभर भिजत घालू नयेत. तसं पाहिलं तर चकाकीचा टिकण्याशी संबंधच नाही. काजळी आणि वाळू निघाली म्हणजे झालं.

आता उरलेल्या बारीक गोष्टी. दर बाराला पितळ थोडं पुढे सरकतं आणि पुंगळी लांबते. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. त्यापुढे गेली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडून गोळीला आवळतं आणि दाब धोकादायक चढतो, म्हणून तोंड छाटावं लागतं. पुंगळी फार लवकर लवकर छाटावी लागत असेल तर ते दुखणं दुसरीकडे आहे, बहुधा खांदा जास्त मागे जातोय. डायमध्ये घालताना वंगण हवंच, पण खांद्यावर थबथबून नको, तिथे खड्डे पडतात. आणि एका बंदुकीच्या पुंगळ्या एका डब्यात, डब्यावर फेऱ्यांची नोंद. मिसळलेल्या ढिगातल्या पुंगळीचा इतिहास कुणालाच माहीत नसतो, म्हणून तिचा भरवसाही धरता येत नाही.

एक योगायोग सांगायचा मोह होतो. अमेरिकेत पुंगळ्या पुन्हा भरणं एवढं रुजलं त्याचं एक कारण तिथला बॉक्सर पद्धतीचा प्रायमर. त्यात पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे आतून एक पिन ढकलली की जुना प्रायमर निघतो. युरोपात पुष्कळ ठिकाणी बर्डन पद्धत चालते; तिला बाजूला दोन बारीक भोकं आणि मधे उंचवटा, पिन जायला जागाच नाही. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन.

पुण्यातला माणूस म्हणून खडकीचं नावही घ्यायला हवं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि भुसावळजवळच्या वरणगावात काडतुसं तयार होतात. त्या कारखान्यांना पुंगळीचं दुसरं आयुष्य नको असतं, त्यांना पहिलं बिनचूक हवं असतं. पण वाटीपासून नळी ओढणं, मधे मधे तापवणं, मान मऊ आणि बूड कडक ठेवणं, हे शास्त्र तेच.

गेल्या महिन्यात भाच्याचा परत फोन आला. नवी पेटी, पन्नास पुंगळ्या, नववी फेरी झालेली. मान एकीचीही गेली नव्हती. दर तीन फेऱ्यांनी तो एक पुंगळी उभी कापून बघतो, त्याचे फोटो मला पाठवतो. या खेपेच्या फोटोत भिंत बुडाकडून वर सलग निमुळती होत गेलेली दिसली, कंबर कुठे आवळलेली नव्हती. "मामा, कापलेली एक येताना घेऊन येऊ का तुला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अजिबात नको. विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली तर समजावत बसशील. फोटोच पाठव, पण या वेळी काठ जरा बारीक कागदानं घासून पाठव, कण दिसले पाहिजेत."